फियॉर्डमधला दिवस: क्रूझवरून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडच्या क्रूझची कार्यक्रमपत्रिका हातात आली की एका दिवसासमोर बंदराचं नाव दिसत नाही. तिथे नुसतं 'सीनिक क्रूझिंग, फियॉर्डलँड' असं लिहिलेलं असतं. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि समुद्राचं पाणी भरलेली खोल, अरुंद खाडी. बोट कुठे थांबणार नाही, कुणी खाली उतरणार नाही. पहिल्या खेपेला आम्ही दोघांनी त्याचा अर्थ 'आरामाचा दिवस' असा लावला, झोप काढायचं ठरवलं आणि मिलफर्ड साउंड या पहिल्याच फियॉर्डमध्ये शिरण्याचा क्षण पांघरुणात घालवला. दुसऱ्या खेपेला आई-बाबा पुण्याहून मेलबर्नला आले होते. त्यांना घेऊन गेले तेव्हा मात्र सगळी तयारी केली. खाली लिहिलंय ते या दोन खेपांतून शिकलेलं आहे.

ऑस्ट्रेलियात राहणारी मराठी मंडळी ही सफर बहुधा सिडनी किंवा मेलबर्नहून करतात. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे तिकडचा उन्हाळा आणि त्याच्या मागचेपुढचे महिने. टास्मान समुद्र ओलांडायला दोनेक दिवस लागतात, आणि जमीन दिसते ती थेट न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यातली. तेच फियॉर्डलँड नॅशनल पार्क. १९५२ साली स्थापन झालेलं, बारा हजार चौरस किलोमीटरहून मोठं, न्यूझीलंडमधलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान. या किनाऱ्याला चौदा-पंधरा फियॉर्ड आहेत. क्रूझ त्यांतल्या तिघांत शिरते: मिलफर्ड, डाउटफुल आणि डस्की.

तिकीट काढताना दोन गोष्टी बघा

पहिली, दिशा. बोट ऑस्ट्रेलियाकडून येत असेल तर सकाळी मिलफर्ड, दुपारी डाउटफुल आणि संध्याकाळी डस्की असा क्रम लागतो. तीच बोट न्यूझीलंडची बंदरं करून परत निघाली असेल तर क्रम उलटा होतो. फियॉर्डमध्ये शिरल्यावर दोन्ही बाजूंना डोंगर असतातच. पण एका फियॉर्डमधून दुसऱ्याकडे जाताना बोट उघड्या समुद्रातून किनाऱ्याला समांतर चालते, आणि त्या तासांत फक्त एकाच बाजूला डोंगररांग दिसते. उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असाल तर डावीकडे, परतीच्या दिशेने उजवीकडे. बोटीवर डावीला पोर्ट आणि उजवीला स्टारबोर्ड म्हणतात, केबिन निवडताना हेच शब्द वापरलेले असतात.

दुसरी, बाल्कनीची केबिन घ्यायची का? लोक या एका दिवसासाठी बाल्कनीचे जादा पैसे मोजतात. माझं मत विचाराल तर तरुण आणि धडधाकट माणसांनी मोजू नयेत. बाल्कनीतून एकच कडा दिसतो, पुढचं काही दिसत नाही, आणि फियॉर्डची खरी गंमत पुढे बघण्यात आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र बाल्कनी घ्या. आईचे गुडघे दुखतात, तिला दिवसभर डेकवर उभं राहणं शक्यच नव्हतं. दुपारचं डाउटफुल तिने शाल गुंडाळून, खुर्चीत बसून, चहा घेत बघितलं. तेवढ्यावर पैसे वसूल झाले.

कागदपत्रांबद्दल एक सांगते, कारण इथे बरेच जण अडकतात. क्रूझने येऊन त्याच क्रूझने परत जाणाऱ्याला, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो, न्यूझीलंडचा व्हिसा न काढता एनझेडईटीए नावाच्या ऑनलाइन परवानगीवर जाता येतं. विमानाने ऑकलंडला जाऊन तिथून क्रूझ पकडायची असेल तर ऑस्ट्रेलियाचे कायम रहिवासी नसलेल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना रीतसर व्हिसा लागतो. आणि भारतातून आलेल्या आई-बाबांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे आधी तपासा. ऑस्ट्रेलियातून बोटीने बाहेर पडलात की परत येणं हा नवा प्रवेश धरला जाऊ शकतो. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आदल्या रात्री: घड्याळ

ही आमची पहिली चूक. उन्हाळ्यात न्यूझीलंड सिडनी-मेलबर्नच्या दोन तास पुढे असतं. समुद्रावरच्या दोन रात्रींत बोट एकेक तास घड्याळ पुढे करते. मोबाइल हे आपोआप करील अशी आपली समजूत असते, पण भर समुद्रात त्याला टॉवर कुठून मिळणार? आम्ही साडेसहाचा गजर लावून झोपलो. गजर वाजला तेव्हा बोटीच्या घड्याळात साडेआठ झाले होते. पडदा बाजूला केला तर समोर काळा ओला दगड, इतका जवळ की मला आधी वाटलं बोट धक्क्याला लागली आहे. निम्मं मिलफर्ड मागे पडलं होतं.

तर आदल्या रात्री केबिनमधल्या टीव्हीवर बोटीची वेळ बघा आणि मोबाइलचं घड्याळ हाताने लावा. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर बोटीवरचं सॅटेलाइट नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि घरी आल्यावर बिल बघून डोळे पांढरे होतात. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. त्यात फियॉर्डच्या तोंडाशी पोचण्याची वेळ छापलेली असते. तिच्या निदान पाऊण तास आधी डेकवर असायचं हे ठरवून टाका.

कपडे त्याच रात्री काढून ठेवा. डिसेंबर-जानेवारीतही सकाळी डेकवर दहा-बारा अंशांची हवा असते, वर बोटीच्या वेगाचा वारा. स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट किंवा रेनकोट, कानटोपी, आणि बुटाचे तळवे न घसरणारे, कारण डेक ओला असतो. छत्री आणू नका. बाबांनी माझं न ऐकता नेलेली छत्री डेकचं दार उघडल्यानंतर दोन मिनिटांत उलटी झाली. दुर्बीण असेल तर जरूर घ्या. चष्मेवाल्यांनी खिशात कोरडा सुती रुमाल ठेवावा, शक्यतो दोन.

पहाट: पायलट चढताना बघा

उजाडता उजाडता टास्मान समुद्रावरून किनारा दिसायला लागतो, पण आत जायची वाट काही दिसत नाही. डोंगरांची एक सलग भिंत, बस. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक १७७० साली या किनाऱ्यावरून गेला, पण मिलफर्डचं तोंड त्याच्या नजरेतून सुटलं. बोट अगदी जवळ येईपर्यंत तुम्हालाही ते सापडणार नाही. मग एका क्षणी दोन डोंगर एकमेकांपासून सरकल्यासारखे होतात आणि मधे पाण्याची पट्टी उघडते.

त्याआधी एक छोटी होडी बोटीला येऊन भिडते. त्यातून पायलट येतो, म्हणजे या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला स्थानिक वाटाड्या. खालच्या डेकच्या कठड्यावरून वाकून बघा. होडी लाटेवर दीड-दोन मीटर वरखाली होते आहे, आपल्या बोटीच्या कुशीला दोराची शिडी लोंबते आहे, आणि नारिंगी जॅकेटातला माणूस होडीच्या टोकावर एक हात मोकळा ठेवून नुसता थांबलेला. एक लाट जाऊ देतो, दुसरी जाऊ देतो. तिसऱ्या लाटेने होडी सगळ्यात वर आली की पाऊल शिडीवर. बघता बघता तो पाच-सहा पायऱ्या चढलेला असतो आणि होडी खाली पडलेली. आमच्या शेजारी उभे असलेले एक आजोबा "आई गं!" म्हणाले, तेव्हा कळलं की तेही आपल्यातलेच.

मिलफर्ड: कुठे उभं राहायचं

सगळ्यात महत्त्वाची सूचना इथेच. बोट तोंडातून आत शिरते, सुमारे पंधरा किलोमीटर आत जाते, टोकाला जागच्या जागी वळते आणि त्याच वाटेने बाहेर येते. म्हणजे तुम्ही एका कठड्याला धरून उभे राहिलात तर जाताना एक भिंत दिसते आणि येताना तिच्यासमोरची. तुम्हाला हलायची गरजच नाही, बोट तुमच्यासाठी वळते. तरी शंभर-दोनशे माणसं घाबऱ्याघुबऱ्या या बाजूहून त्या बाजूला पळत असतात आणि त्या पळापळीत त्यांचं दोन्हीकडचं हुकतं.

मी दुसऱ्या खेपेला असं केलं: शिरताना बोटीच्या नाळेकडच्या, म्हणजे अगदी पुढच्या डेकवर. काही बोटी एरवी बंद असलेला पुढचा डेक या दिवशी उघडतात, पत्रकात बघा. तोंडातून आत गेल्यावर डाव्या बाजूच्या मधल्या डेकवर उतरले आणि शेवटपर्यंत तिथेच थांबले. सगळ्यात वरचा डेक टाळा. तिथे वारा कापतो, आणि समोर काच असेल तर तिच्यावरच्या थेंबांमुळे धड बघता येत नाही आणि फोटोही येत नाही.

आत जाताना उजवीकडे माइटर पीक येतं. हे शिखर सुमारे १६९० मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. आकडे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्याएवढंच की." मी काही बोलले नाही. कळसूबाई चढायला आपण बारी गावातून सुरुवात करतो तेव्हाच समुद्रसपाटीपासून कित्येकशे मीटर वर असतो. इथे सुरुवात शून्यापासून. शिखराचा पाय थेट समुद्रात, आणि पाण्याखाली आणखी जवळपास तीनशे मीटर खोल. पाच मिनिटांनी बाबांनी मान इतकी मागे टाकली की कानटोपी पडली. "अगं, हा संपतो कुठे?"

डावीकडे स्टर्लिंग धबधबा, सुमारे दीडशे मीटर उंच. आपली बारा-चौदा मजल्यांची बोट त्याच्यापुढे निम्मीही भरत नाही. शाळेत भूगोलात 'लोंबती दरी' पाठ केली होती, आठवतंय? मुख्य हिमनदीने आपली दरी खोल कोरली, बाजूच्या छोट्या हिमनदीला तेवढं जमलं नाही, म्हणून बर्फ वितळल्यावर ती दरी अधांतरी लोंबत राहिली आणि तिचं पाणी कड्यावरून खाली पडायला लागलं. परीक्षेत चार गुणांना लिहिलेली ती आकृती इथे समोर उभी असते. टोकाशी, पुन्हा डावीकडेच, लेडी बोवेन धबधबा.

आता पावसाबद्दल. पाऊस लागला की लोक नशिबाला बोल लावतात, आत जाऊन बसतात. कृपा करून असं करू नका. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या पंक्तीतला, फक्त तो चार महिन्यांत न पडता वर्षभर पडत राहतो. कोरड्या दिवशी बारमाही धबधबे दोनच, स्टर्लिंग आणि बोवेन. पावसात दर शंभर पावलांवर एक धबधबा फुटतो, आणि पाऊस थांबला की बघता बघता सुकतात. कड्यांवर माती जवळपास नाहीच, त्यामुळे पाणी मुरायला जागा नाही. वारा असेल तर काही धबधबे खाली पोचतच नाहीत, अर्ध्यातून उलटे वर उडतात. नाणेघाटातला उलटा धबधबा बघितलेल्यांना नवल वाटणार नाही, पण इथे एका नजरेत असे तीन-चार दिसतात. पहिल्या खेपेला आम्हाला निळं आकाश मिळालं होतं, दुसऱ्या खेपेला मुसळधार. मला विचाराल तर मुसळधारच.

कड्यांवर झाडं मात्र दाट आहेत. माती नसताना? दगडावर आधी शेवाळ धरतं, त्यावर झुडपं, त्यावर बीच जातीची झाडं, आणि सगळ्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली. मुसळधार पावसात वरचं एक झाड सुटलं की खालच्या सगळ्यांना घेऊन येतं. हिरव्या कड्यावर वरपासून पाण्यापर्यंत फिकट पट्टा दिसला तर समजा, तिथे झाडांचा लोंढा कोसळला होता. पट्ट्यातला हिरवा रंग जितका कोवळा तितकी ती घटना ताजी.

खालचं पाणीही नीट बघा. ते चहासारखं तांबूस दिसतं. जंगलातून आलेलं गोडं पाणी पालापाचोळ्याचा रंग घेऊन येतं आणि जड खाऱ्या पाण्यावर थराने तरंगत राहतं. त्या थराने उजेड अडतो, म्हणून एरवी खूप खोलात राहणारं काळं पोवळं इथे दहाएक मीटरवरच सापडतं. आपल्याला ते डेकवरून दिसत नाही. पण बोट वळते तेव्हा बाजूच्या यंत्रांनी पाणी ढवळतं, वरचा तांबूस थर फाटतो आणि खालचं हिरवं पाणी भोवऱ्यासारखं वर येतं. ते कठड्यावरून स्पष्ट दिसतं. त्या वेळी वर बघत राहू नका, दोन मिनिटं खाली बघा.

पाण्याजवळच्या सपाट खडकांवर तपकिरी गाठोडी पडलेली दिसतील. ती सील. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत केकेनो. दुर्बीण इथे कामाला येते. डॉल्फिन आले तर कुणीतरी ओरडतंच.

नावाची एक गंमत. भूगोलाच्या हिशेबाने 'साउंड' म्हणजे समुद्राच्या पाण्यात बुडालेली नदीची दरी. आपल्या कोकणातल्या दाभोळ-जयगडच्या खाड्या त्याच जातीच्या. मिलफर्ड हिमनदीने कोरलेलं, म्हणून तो फियॉर्ड. सुरुवातीला आलेल्या लोकांनी चुकीचं नाव दिलं आणि तेच चिकटलं. माओरी नाव पिओपिओताही, म्हणजे एकटा पिओपिओ पक्षी. तो पक्षी आता नामशेष झाला आहे. माओरी कथेत हे सगळे फियॉर्ड तू-ते-राकिफानोआ या देवाने कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कोरले. दक्षिणेकडून सुरुवात केली तेव्हा हात बसलेला नव्हता, म्हणून तिथे बेटं-तुकडे राहिले. उत्तरेला मिलफर्डपर्यंत येता येता हात सफाईदार झाला. दिवसभरात तिन्ही फियॉर्ड बघितलेत तर ही गोष्ट पटते.

नाश्ता कधी करायचा

मिलफर्डच्या आधी काहीतरी पोटात टाका आणि नाश्ता नंतर करा. मिलफर्डमधून बाहेर पडल्यावर बोट उघड्या समुद्रात येते, तेव्हा बुफे निम्मा रिकामा असतो. आत असताना खिडकीजवळच्या टेबलांसाठी भांडणं असतात. आमच्या शाकाहारी आईसाठी मी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात बेसनाचे लाडू डेकवर घेऊन गेले होते. डेकवर काही टाकू नका, पक्ष्यांना भरवू नका. बाबांना खाडीत नारळ वाहायचा होता. नारळी पौर्णिमेला दाभोळला वाहायचे तसा. त्यांना म्हटलं, इथे राष्ट्रीय उद्यान आहे, पाण्यात काही टाकायला बंदी आहे. ते कठड्याशी उभं राहून हात जोडून आले. नारळाची चटणी पुढे मेलबर्नला झाली.

या देशाला बाहेरच्या जीवांची किती धास्ती आहे ते एका गोष्टीवरून कळेल. बोटीच्या तळाला चिकटून येणारे शिंपले-शेवाळ हे राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यात नकोत म्हणून २०२२-२३ च्या उन्हाळ्यात काही क्रूझ बोटींना फियॉर्डमध्ये शिरायची परवानगीच नाकारली गेली. तळ साफ केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

याशिवाय वारा जोराचा असेल तर कॅप्टन एखादा फियॉर्ड वगळतो. तोंड अरुंद, बोट उंच, वाऱ्याला शिडासारखी. मग कुणाला हुज्जत घालून उपयोग नसतो, पैसेही परत मिळत नाहीत. तिकिटाच्या बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. मनाची तयारी आधीच असू द्या.

दुपारचे तास

मिलफर्ड ते डाउटफुल तीन-चार तास. लाटा बाजूने येतात आणि बोट पाळण्यासारखी डुलते. ज्यांना बोट लागते त्यांनी मळमळ सुरू होण्याआधी गोळी घ्यावी, नंतर घेतलेली पोटात राहत नाही. गोळी कुठली ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा, रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर नक्कीच. आम्ही आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर डुलणं कमी जाणवतं. पुढच्या टोकाच्या उंच लाउंजमध्ये जाऊन बसाल तर हमखास त्रास.

दिवसभर जागं राहायचा अट्टहास करू नका. पहाटे पाचला उठलेला माणूस दुपारी दोनला पेंगतो. या मधल्या वेळात झोपा. बोटीवर परिसराची माहिती सांगणारा एक निरीक्षक असतो, त्याचं वर्णन लाउडस्पीकरवर चालू असतं, ते केबिनमधल्या टीव्हीवरही ऐकू येतं, शिवाय बोटीच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. आतल्या केबिनवाल्यांनी तेवढ्यावर समाधान मानू नये, पण डुलकी काढताना तो चॅनल लावून ठेवला की वेळ कळते.

डाउटफुल

कुकने १७७० मध्ये याचं तोंड बघितलं, पण आत शिरला नाही. वारा उलटा फिरला तर बाहेर निघता येईल का, याची शंका वाटली. म्हणून 'डाउटफुल', शंकेचं. हे मिलफर्डपेक्षा खूप लांब, चाळीस किलोमीटर, आणि फियॉर्डलँडमधलं सगळ्यात खोल, ४२१ मीटर. डोंगर मिलफर्डइतके उभे नाहीत, थोडे गोलसर आहेत आणि पाणी रुंद पसरलेलं. म्हणून मिलफर्ड बघून लगेच इथे आलेल्यांना पहिली दहा मिनिटं निराशा होते. इथे कडे बघायला आलेलो नाही हे लक्षात ठेवा. इथे शांतता आहे. मिलफर्डला रस्ता जातो, छोट्या पर्यटक बोटींची गर्दी असते. इथे तासभर दुसरी बोट दिसली नाही.

बोटी बहुतेक वेळा एका बाजूने शिरून सेक्रेटरी बेटाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने, थॉम्सन साउंडमधून, बाहेर पडतात, किंवा उलट. म्हणजे मिलफर्डमधला 'एका कठड्याला उभे राहा' हा नियम इथे चालत नाही. उत्तरेकडून थॉम्सनमधून शिरलात तर बेट सबंध वेळ उजवीकडे आणि मुख्य भूमी डावीकडे राहते. डावीकडे खोल शाखा उघडत जातात, म्हणून मी डावी बाजू घेईन.

नकाशा बघत असाल तर मालास्पिना, बाउझा, फेब्रेरो अशी स्पॅनिश नावं दिसतील आणि कोडं पडेल. १७९३ मध्ये मालास्पिना नावाच्या दर्यावर्दीची स्पॅनिश मोहीम इथे आली होती, तिच्या एका छोट्या होडीने मोजमाप करून नकाशा काढला. नावं तेवढी मागे राहिली.

डस्की: थकलेल्यांनी हे सोडू नये

या वेळेपर्यंत डेक रिकामा झालेला असतो. लोक रात्रीच्या जेवणाच्या कपड्यांत शिरलेले असतात. माझ्या मते दिवसातली सगळ्यात सुंदर वेळ हीच. बोट ब्रेकसी साउंडमधून शिरते, अ‍ॅकरॉन पॅसेज नावाच्या अरुंद वाटेने जाते आणि डस्कीतून बाहेर पडते, किंवा उलट. उन्हं तिरपी झालेली, बेटांमागे बेटं, प्रत्येकाचा निळा रंग आधीच्यापेक्षा फिका. कुक १७७० मध्ये इथून गेला तेव्हा संध्याकाळ होती, म्हणूनच 'डस्की'. १७७३ मध्ये तो 'रेझोल्यूशन' जहाज घेऊन परत आला आणि पाचेक आठवडे राहिला. त्याच्या माणसांनी इथल्या रिमू आणि मानुका झाडांच्या पाल्यापासून बिअर उकळली, आकाशनिरीक्षणासाठी जंगलाचा एक तुकडा साफ केला.

अ‍ॅकरॉनमधून जाताना एका बाजूला रेझोल्यूशन बेट असतं. १८९४ पासून रिचर्ड हेन्री नावाचा माणूस इथे पक्ष्यांचा राखणदार म्हणून राहिला. हे पक्षी म्हणजे काकापो, उडता न येणारा पोपट, आणि किवी. मुख्य भूमीवर आणलेल्या शिकारी प्राण्यांपासून वाचवायला त्याने शेकडो पक्षी होडीने या बेटावर आणून सोडले. १९०० मध्ये बेटावर स्टोट दिसला, मुंगसाच्या चणीचा शिकारी. तो पोहत आला होता. हेन्रीची सगळी मेहनत पाण्यात गेली. डस्कीतल्या अँकर बेटावर आज पुन्हा काकापो सोडलेले आहेत, तिथे शिकारी प्राणी पोचू नयेत म्हणून सतत पहारा असतो. निरीक्षकाने हे लाउडस्पीकरवर सांगितलं तेव्हा डेकवर आम्ही सहाच जण होतो.

फोटो

मोबाइलची रुंद लेन्स लावली की कडा टेकडीएवढा दिसतो. शिखर आणि पाणी दोन्ही यावीत म्हणून फोटो उभा घ्या, आणि चौकटीत एखादी छोटी पर्यटक बोट येईपर्यंत थांबा. मिलफर्डमध्ये त्या सतत असतात. बोट नखाएवढी आली की मागच्या कड्याची उंची आपोआप कळते. बाकी शंभर फोटो काढण्यापेक्षा मिलफर्डच्या टोकाला बोट वळताना मोबाइल कठड्याला घट्ट धरून टाइम-लॅप्स लावा. माइटर पीक सावकाश चौकटीतून सरकत जातं. घरी सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बघितलेला आमचा एकच व्हिडिओ तो आहे. मोबाइलला दोरी बांधून मनगटात अडकवा. समोर पाण्यात मोबाइल पडलेला मी डोळ्यांनी बघितला आहे, आणि तळ तिथे तीनशे मीटरवर होता.

रात्र आणि दुसरी सकाळ

डस्की सोडली की बोट दक्षिण बेटाच्या नैऋत्य टोकाला, प्युसेगर पॉइंटला वळसा घालते. दिवसातलं सगळ्यात खवळलेलं पाणी इथे भेटतं. लवकर जेवा, हलकं जेवा, आणि बोट लागणाऱ्यांनी गोळी जेवणाआधी घ्या. टेबलावरची औषधाची बाटली, चष्मा, आजीची कवळी असलं सगळं रात्री ड्रॉवरमध्ये ठेवा. आमच्या केबिनमधला पाण्याचा ग्लास मध्यरात्री गेलाच.

दुसऱ्या सकाळी बहुतेक बोटी ड्युनेडिनजवळच्या पोर्ट चाल्मर्स बंदराला लागतात. तिथे उतरताना खाण्याचे पदार्थ तपासतात. फळं, बिया, घरचं लोणचं, मध, काहीही असेल तर जाहीर करावं लागतं, न सांगता पिशवीत सापडलं तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर. बुफेतून पर्समध्ये टाकलेलं सफरचंद त्यात धरूनच. लाडवांचा उरलेला डबा केबिनमध्येच ठेवून उतरा.